गाळण्यातून दिसणारं घर

पाणी गाळायचं पांढरं फडकं डोळ्यांवर बांधून, दोन्ही हात पुढं करून, एक भलाथोरला माणूस भरदुपारी स्वतःच्याच सोप्यातून चाचपडत चाललाय, हे सांगलीत बिऱ्हाड केल्यावर मी पाहिलेलं पहिलं दृश्य. ते आमचे घरमालक. माझ्या हातात दुधाचा तांब्या होता, तो पडला नाही हेच नवल. मला चाहूल लागू न देता जिना चढायचा होता, पण ते खांबापाशी थांबले आणि फडक्याआडूनच म्हणाले, "कोन हाय? निळं काय तरी हालतंय."

मी निळं लुगडं नेसले होते. म्हटलं, "मी हाय. माडीवरचं नवं बिऱ्हाड."

"निळं लांबनं कळतंय," ते स्वतःशीच म्हणाले, "तपकिरी कळंना झालंय." आणि फडकं सोडून, माझ्याकडं न बघता, आतल्या चौकटीचा तपकिरी रंग नखानं खरवडत बसले.

वर जाऊन मी ह्यांना म्हटलं, "आवं, मालक येडं हाय. दुसरी खोली बघा." ह्यांची एका तेलाच्या गिरणीत कारकुनी नुकती लागली होती, लढाईचे दिवस होते आणि सांगलीत खोल्या मिळत नव्हत्या. "येडं असलं तर असू दे," हे म्हणाले, "छप्पर गळत न्हाई." झालं, आम्ही राहिलो.

मी वडूजची. आमच्याकडं घराला रंग म्हणजे पांढऱ्या मातीचा हात आणि दारापाशी कावेचा पट्टा, तोही सणाला. आणि इथं? सोपा पिवळा, माजघराच्या चौकटी हिरव्या, स्वयंपाकघर तांबडं, जिन्याच्या प्रत्येक पायरीची कड चुन्यानं पांढरी आणि न्हाणीच्या दाराला काळे-पांढरे पट्टे. दारादारांवर चिंध्या भरून शिवलेले राघू, कोनाड्यांत कागदाच्या लगद्याच्या रंगवलेल्या बुट्ट्या, खिडक्यांना फुटक्या बांगड्यांची तोरणं. आळीतली माणसं ह्या घराला 'जत्रा' म्हणत. "जत्रेवरनं सरळ जा, मग डाव्या हाताला" असा पत्ता सांगत. मला तर पहिले काही दिवस डोकं दुखायचं.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणत. जैन घराणं, हळदीचा व्यापार, काळी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर आणि त्या धोतरावर रोज नवा डाग. पेठेत सौदा करायला बसले तरी कोपराला हिरवा रंग लागलेला असायचा. समोरचा व्यापारी हसायचा. अण्णा हसत नसत आणि रागावतही नसत. "हौस हाय," एवढंच म्हणायचे आणि भाव तोडायचे. रंगाबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. रंगानं हाक मारली पाहिजे. नुसता बरा दिसणारा रंग त्यांना खपायचा नाही. मी एकदा सोप्याच्या पिवळ्याची तारीफ केली, तर म्हणाले, "बरा दिसून काय करायचाय, वडूजकर बाई? त्यानं हाक मारली पायजे." त्यांनी माझं नाव कधी विचारलंच नाही. शेवटपर्यंत मी वडूजकर बाईच.

ह्या हौसेमागचं खरं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि ते कळल्यावर माझी डोकेदुखी थांबली.

सांगितलं ते काकींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं. मी परसात धुणं वाळत घालत होते. काकी जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, एक मागनं हाय. अव्वांच्या म्होरं डोळ्यांचं काय बोलू नगंस."

अव्वा म्हणजे अण्णांची आई. सडसडीत, ताठ, बोलायला धारदार. घरात त्यांचा शब्द चाले. धान्य निवडायचं ते त्यांनीच, पाणी गाळायचं ते त्यांच्याच देखरेखीखाली, दिवस मावळायच्या आत घराचं जेवण उरकलं की नाही ते बघायचं त्यांनीच. आणि त्या अव्वांची नजर जात चालली होती. सांगलीतल्या डॉक्टरांनी बघून झालं होतं, मिरजेलाही नेऊन आणलं होतं. काही होण्यासारखं नव्हतं.

"म्हाताऱ्या माणसाची नजर जातीच की," मी म्हटलं.

काकींनी मग सगळं उलगडून सांगितलं. अव्वांची सासू म्हातारपणी आंधळी झाली आणि तिनं सल्लेखनेचं व्रत घेतलं. हळूहळू अन्न सोडायचं, मग पाणी, आणि शांत मनानं देह ठेवायचा. अव्वांनी आपल्या हातानं तिची सेवा केली होती. त्या दिवसापासून त्या घरात सांगत आल्या होत्या, की माझे डोळे गेले की मीही तेच करणार. बघून पाऊल टाकता येत नाही, ताटातला जीव दिसत नाही, आपल्या हातून कोण मरतंय ते कळत नाही, अशा देहाचं ओझं त्यांना एक दिवस वागवायचं नव्हतं. अव्वा बोलल्या की बोलल्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"म्हनून ही जत्रा," काकी म्हणाल्या. "तिला दिसत हाय तवर ती जेवनार. तिला दिसावं म्हनून ह्ये रंगवतात."

मी ओलं लुगडं तसंच हातात धरून उभी राहिले. वर बघितलं तर परसाच्या दारावर एक तांबडा राघू डोलत होता. ज्याला मी येडा म्हटलं होतं, त्या माणसानं आईला जगात धरून ठेवायला घराला हाका मारायला शिकवलं होतं.

त्याची सुरुवातही, आम्ही यायच्या आधी, एका फजितीतून झालेली. अण्णांना स्वयंपाकघर पिवळं करायचं होतं, अव्वांना चूल कुठं आहे ते कळावं म्हणून. लढाईमुळं डब्यातले रंग मिळेनात. अण्णा म्हणाले, घरात हळदीची पोती पडली असताना पिवळ्याची काळजी कसली? आणि त्यांनी उत्तम हळद कालवलेल्या चुन्यात ओतली. हळद चुन्याला लागली की तांबडी होते, त्याचंच कुंकू करतात, हे दूधपित्या पोरालाही माहीत असतं. जन्म हळदीत गेलेल्या ह्या व्यापाऱ्याला ते त्या क्षणी आठवलं नाही. सगळी भिंत कुंकवासारखी तांबडी झाली. काकी हसून हसून भुईवर बसल्या. तेवढ्यात सोप्यातून अव्वांचा आवाज आला, "चुलीपाशी तांबडं काय केलंसा रं?" अण्णांच्या हातातला कुंचला खाली आला. महिन्याभरात अव्वांनी लांबून पहिल्यांदाच काहीतरी ओळखलं होतं. त्या दिवसापासून अण्णा रंगाच्या मागं लागले ते लागलेच.

आणि ते फडकं? त्याचा उपयोग मी नंतर समजून घेतला. अव्वा दुपारच्या निजल्या की अण्णा ते डोळ्यांवर बांधत. अव्वांना जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसावं म्हणून. अंदाज घ्यायचे तो असा, की सकाळी परसात उभं राहून सहज विचारायचे, "अव्वा, तारंवर तांबडं लुगडं वाळतंय का गं?" अव्वा सांगायच्या. "आन् पलीकडं हिरवं?" अव्वा म्हणायच्या, "हिरवं कुटं? मला न्हाई बाबा दिसत." मग दुपारी अण्णा फडक्याला आणखी एक घडी घालायचे, हिरवं दिसेनासं होईपर्यंत. मग त्या घडीतून घरभर हिंडून बघायचे, कुठली चौकट हाक मारते आणि कुठली मुकी झाली. मुकी झालेली चौकट दुसऱ्या दिवशी नव्या रंगात. मी तिथं राहायला आले तेव्हा फडकं एकेरी होतं, वर्षभरात ते चौपदरी झालं. काकींचा पाण्याच्या गाळण्यापायी त्यांच्याशी रोज वाद. "पानी गाळायचं फडकं त्वांडाला बांधत्यात व्हय?" शेवटी त्यांनी एक वेगळं शिवून दिलं आणि त्याला ओळखू यावं म्हणून कोपऱ्यात लाल दोरा घातला.

रंग लावायच्या त्यांच्या तऱ्हाही बघण्यासारख्या. भिंत आधी मऊ फडक्यानं झाडायची, एखादी मुंगी, कोळी असला तर कागदावर घेऊन परसात सोडायचा. एक रंगारी म्हणाला, "सरस घाला, रंग धरंल." सरस जनावराच्या कातड्याचा. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. ते बाभळीचा डिंक वापरत. पावसाळ्यात तर कुंचल्याला हातच लावायचा नाही, कारण तेव्हा भिंतीवर जीव फार. त्या चार महिन्यांत ते राघू शिवायचे. हळदीच्या सौद्यात समोरच्याला घाम फोडणारा माणूस मांडी घालून चिंध्यांच्या राघूला चोच शिवतोय, हे बघून माझा ऊर भरून यायचा.

मलाही एक काम लागलं. अव्वांकडं निवडायला जायच्या आधी धान्य माडीवर माझ्याकडं यायचं. मी ते खडा खडा, किडा किडा निवडायचे, मग काकी ते पुन्हा पोत्यात भरून अव्वांपुढं मांडायच्या. अण्णांनी अव्वांसाठी एक तबक काळंभोर रंगवलं होतं, ज्वारी त्यावर उठून दिसावी म्हणून. अव्वा तासभर बोटं फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आवंदाचं धान्य लय सोच्छ आलंय गं. खडा सुदीक घावंना." त्या बोलताना माझ्याकडं तोंड करायच्या. मी पदर तोंडाला लावून वर पळायचे.

मग एक सकाळ आली. अण्णांनी नेहमीसारखं परसात उभं राहून विचारलं, "अव्वा, तांबडं लुगडं वाळतंय का गं?"

"व्हय की," अव्वा म्हणाल्या. "तांबडंच हाय."

तार रिकामी होती. काकींनी लुगडं मघाशीच काढून नेलं होतं.

अण्णा आत आले, फडकं घेतलं, घडी घातली, डोळ्यांवर धरलं. आणखी घडी घातली. मी जिन्यावर उभी होते. काहीच दिसेनासं होईपर्यंत त्यांनी ते फडकं दुमडलं, डोळ्यांवर बांधलं आणि सोप्यात बसले. एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकून, बराच वेळ तसाच.

त्या दिवसानंतर त्यांनी अव्वांना लुगड्याचं कधी विचारलं नाही. मात्र घरात नव्या वस्तू येऊ लागल्या. माजघराच्या भिंतीनं कमरेच्या उंचीवर एक जाड दोर गेला, त्यावर रंगीत चिंध्या गुंडाळलेल्या. न्हाणीकडं वळायचं तिथं दोराला एक गाठ, चुलीकडं दोन. स्वयंपाकघराच्या दारात चिंचोक्यांच्या माळा, अव्वांच्या खोलीच्या दारात लाकडी मण्यांच्या, म्हणजे हाताला लागताच कुठं आलो ते कळावं. अव्वांना सांगताना अण्णा म्हणायचे, "तोरन केलंय, शोभंला." आणि अव्वा म्हणायच्या, "ग्वाड दिसतंय." दोघंही एकमेकांशी एवढ्या प्रेमानं खोटं बोलत होते, की ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जायची.

रंगवणं मात्र थांबलं नाही. मी न राहवून विचारलं, "अण्णा, आता रंग कशाला?"

"रंग थांबला तर तिला वासावरनं कळंल," ते म्हणाले, "की मला कळलंय."

त्याच हिवाळ्यात त्यांनी अव्वांच्या खोलीत, पलंगामागच्या भिंतीवर, पहिल्यांदाच चित्र काढलं. आजवर नुसते पट्टे आणि चौकटी. आता एक माळ काढला, त्याच्यावर आभाळ, आणि माळभर पिवळी-नारिंगी फुलं. ज्या डोळ्यांसाठी हे सगळं होतं, ते आता बघणारे उरले नव्हते. तरी ते रोज दुपारी, अव्वा काकींबरोबर मंदिरात गेल्या की, एकेक फूल काढत बसायचे. मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं, की मी माझ्या आयुष्यात एवढं मोठं काम करणारा दुसरा माणूस पाहिला नाही.

घात झाला तो पुढच्या दिवाळीच्या तोंडावर. बाजारात डिंक मिळेना. एका गवंड्यानं सांगितलं, रंगात गुळाचं पाणी घाला, चिकटून बसतो. गूळ म्हणजे काही जनावराचा नाही, चालतोय की. अण्णांनी स्वयंपाकघराचा उंबरा गुळाच्या पाण्यात कालवलेल्या रंगानं रंगवला. ज्या माणसानं जन्मभर मुंगी वाचवून पाऊल टाकलं, त्याला त्या दिवशी मुंगी आठवली नाही.

दुसऱ्या सकाळी मी परसदारी होते. अव्वा दोराला धरून चुलीकडं निघाल्या. चिंचोके वाजले, अव्वांनी अनवाणी पाय उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच थांबल्या. मी बघितलं तर उंबरा मुंग्यांनी भरला होता. त्या अव्वांच्या घोट्यापर्यंत चढल्या होत्या.

"पोरी," अव्वा म्हणाल्या, "काय गं हे?"

मी जवळ धावले. "खरं सांग," त्या म्हणाल्या.

"मुंग्या, अव्वा."

"मेल्या?"

मी रडायलाच लागले. अव्वांनी पाय उचलला नाही, हलवलाही नाही, आणखी मरतील म्हणून. मुंग्या चावत असणार, पण त्या तशाच उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "त्याला बोलीव."

अण्णा आले. त्यांनी उंबरा बघितला, आईचा पाय बघितला आणि गुडघे टेकून एकेक मुंगी कागदावर घ्यायला लागले. पाय मोकळा झाला तसं त्यांनी अव्वांना अल्लद उचलून माजघरात आणून बसवलं.

"गूळ मी घातला व्हता," ते म्हणाले. "पाप माजं हाय, अव्वा. तुजं न्हाई."

"कुनाचं का असंना," अव्वा म्हणाल्या. "पाय तर माजाच व्हता न्हवं? मला लय दिवस झालं दिसत न्हाई."

"ठावं हाय."

"तुला ठावं हाय ते मलाबी ठावं हाय. लुगडं इचारायचं सोडलंस तवाच कळलं. आदीसुदीक दिसत न्हवतंच. तुज्या आवाजावरनं सांगायची मी, व्हय म्हनायचं का न्हाई ते. एक डाव चुकलं. तवाच व्रत घ्यायला पायजे व्हतं. पर तू रंगवत व्हतास. तुजं मन मोडवंना."

काकी दाराआड तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. मी भिंतीला धरून.

मुनीमहाराज तेव्हा जवळच्याच गावात मुक्कामाला होते. व्रत त्यांच्याकडून घ्यायचं असतं, पण त्याआधी घरच्यांनी मनापासून मोकळीक द्यावी लागते. रडतकुढत दिलेली चालत नाही. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून अव्वा पुढं काय बोलणार तेही माहीत होतं.

"मला मोकळी कर, बाळा," अव्वा म्हणाल्या.

अण्णांनी मान खाली घातली. एवढी वर्षं ज्या एका वाक्याला त्यांनी रंगांनी थोपवून धरलं होतं, ते वाक्य घरात येऊन बसलं होतं. मग ते म्हणाले, "करतो."

"आदी घर दाखीव मला," अव्वा म्हणाल्या. "येवढं क्येलंस, मी बघितलं कुटं?"

अण्णा उठले. आईचा हात धरला आणि सोप्यापासून सुरुवात केली. "ह्यो सोपा, अव्वा. पिवळा. आदी फिक्का व्हता, मग मी दाट केला." अव्वांनी भिंतीवर तळवा फिरवला. "ही माजघराची चौकट. हिरवी व्हती, तुला अंधारी वाटाय लागली म्हनून केशरी केली. पळसाची फुलं शिजवली व्हती त्याला." "वास आला व्हता," अव्वा म्हणाल्या. "हितं राघू. ह्याला म्या चोच वाकडी शिवलीया." "राहू दे वाकडी." पायरी पायरीची कड, बुट्टी बुट्टीचा रंग, ते सांगत गेले. कधी न बोलणारा माणूस त्या दिवशी सगळं बोलला. उन्हं परसातून उतरून गेली. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही, आणि अव्वांनीही आठवण दिली नाही.

शेवटी ते अव्वांच्या खोलीत आले. पलंगामागच्या भिंतीपाशी अण्णा थांबले.

"हितं काय हाय?" अव्वांनी विचारलं.

"तुज्या माहेरचा माळ. कवठे महांकाळचा. करडई फुललीया."

अव्वांनी मोकळा तळवा भिंतीवर ठेवला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं नेला. मग त्या हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना मोकळं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

"करडई म्हनतोस, आन् काटं कुटं हायती रं?"

"न्हाई काडलं," अण्णा म्हणाले. "तुज्या हाताला टोचलं असतं."

अव्वांचा एक हात भिंतीवर होता, दुसरा अजून अण्णांच्या हातात.

"झालं समदं बघून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग सोड आता."

अण्णांनी तो हात उचलून आईच्या दुसऱ्या हाताशेजारी करडईच्या फुलांवर ठेवला, आणि आपला काढून घेतला.